माझी मुलगी ‘तशी’ नाही ना?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय, ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

त्यांची मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकते, पोलीस भरती द्यायचीय म्हणून रोज पहाटे किनाऱ्यावर धावायला जाते. सोळा झाली तरी पाळी आली नाही म्हणून डॉक्टरांना दाखवलं. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं नाही, मग रक्त तपासलं तर क्रोमोझोम ‘एक्सवाय’ आले. डॉक्टर म्हणाले अ‍ॅन्ड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम आहे, क्रोमोझोम पुरुषाचे आहेत, पोटात वृषणं आहेत ती मे महिन्याच्या सुट्टीत काढून टाकू, मुलीला काही सांगत बसू नका. घरी तिला ‘हार्मोनचा थोडा प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगितलंय. पण धाकट्या दिराने रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि त्या रात्री मुलीने विचारलं, “आई, मी मुलगा आहे का?” आईला उत्तर देता आलं नाही.

त्याच घरात दुसरी गोष्ट आहे. मोठ्या दिरांचा मुलगा लहानपणापासून वेगळा, चौदाव्या वर्षी गावच्या दशावतारात स्त्रीपार्ट करायला लागला, एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेला आणि आता बाई म्हणून राहतो, नाव बदललंय, नोकरी करतो. यंदा गणपतीला साडी नेसून घरी आला तर मोठ्या दिरांनी मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या गुरं-सामानाच्या खोपीत, झोपायला लावलं, आरतीला आत येऊ दिलं नाही, जेवणाचं पान मागच्या दाराने पाठवलं. ह्या बाईंची मुलगी मात्र मांगरात जाऊन त्याच्याबरोबर चहा पीत बसली म्हणून आईने तिला ओरडलं. सासूबाई म्हणतात, “घराण्याक कायतरी लागलाहा, देवळात कौल लावूक व्हयो.” भावकीतली एक बाई तर सरळ म्हणाली, एकाच घरात दोन-दोन हिजडे. आईचे प्रश्न असे: माझी मुलगी तशी नाही ना? ऑपरेशन उरकून टाकावं का? तिला खरं सांगावं का? तिच्या लग्नाचं काय? आणि पुतण्यापासून तिला लांब ठेवलेलंच बरं ना?

ताई,

तुमचे प्रश्न बरेच आहेत पण तुमची झोप उडवलीय ती पहिल्या प्रश्नाने असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमची मुलगी ट्रान्सजेंडर नाही. ती इंटरसेक्स आहे, म्हणजे क्रोमोझोम, आतले अवयव, हार्मोन आणि बाहेरून दिसणारं शरीर ह्यांचा जो मेळ बहुतेकांच्यात असतो तो तिच्यात जन्मापासून वेगळा आहे. आणि सोळा वर्षं ती मुलगी म्हणून वाढली, स्वतःला मुलगी समजत आली, एका रिपोर्टने ह्यातलं काहीही पुसलं जात नाही.

हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, वाटू दे. पण ‘तशी नाही ना’ असं विचारताना ‘तशी’ म्हणजे कोण, तर मांगरात झोपलेलं ते लेकरू. त्या प्रश्नात मला एक भीती दिसते की जगाने जे त्याच्या वाट्याला दिलं ते माझ्या मुलीच्या वाट्याला नको. आईला असं वाटणारच. फक्त त्यावर तुम्ही शोधलेला उपाय मला पटत नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते कारण ह्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

आधी मुलीच्या शरीराचं समजून घेऊ, कारण डॉक्टर दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले आणि घरादाराने त्याचा अर्थ ‘ती खरी मुलगा आहे’ असा लावला. बाळ पोटात असताना वाय क्रोमोझोममुळे वृषणं तयार होतात. ती वृषणं दोन वेगळे हार्मोन सोडतात. एक हार्मोन गर्भाशय तयार होऊ देत नाही, तो तुमच्या मुलीच्या शरीरात नीट चालला म्हणून गर्भाशय नाही आणि म्हणून पाळी येणार नाही. दुसरा टेस्टोस्टेरॉन, ज्याच्यामुळे शरीर बाहेरून पुरुषासारखं घडतं, पण तो ओळखणारी पेशींमधली यंत्रणाच तिच्यात चालत नाही. हार्मोन आहे पण शरीर त्याला दाद देत नाही, त्यामुळे बाहेरचं शरीर मुलीचं घडलं. वयात आल्यावर त्याच टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं, त्यातूनच तिची छाती वाढली. काखेत केस जवळजवळ नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तेही ह्यातच बसतं. काही मुलींच्या बाबतीत हे लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये लक्षात येतं, कारण हर्नियात आतड्याऐवजी वृषण सापडतं. पण बहुतेकींचं तुमच्या मुलीसारखं, पाळीची वाट बघता बघताच कळतं.

तर रिपोर्टवर एका ओळीत ‘४६, एक्सवाय’ लिहिलंय आणि वरच्या कोपऱ्यात ‘लिंग: स्त्री’ लिहिलंय, तुम्ही म्हणता हे दोन्ही एकाच कागदावर कसं, लॅबची चूक झाली का. चूक नाही. दोन्ही बरोबर आहे. क्रोमोझोम ही शरीराबद्दलची एक माहिती आहे, माणूस कोण आहे ह्याचा निकाल तिच्यावरून लागत नाही.

इंटरसेक्स म्हणजे एवढा एकच प्रकार नाही. काहींना एक्सएक्सवाय क्रोमोझोम असतात, त्यातल्या कित्येक पुरुषांना मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर तिशीत पत्ता लागतो. काही मुलींना एकच एक्स असतो, उंची कमी राहते. काही बाळांचं जन्मतःच बाहेरून बघून मुलगा की मुलगी ठरवता येत नाही. कुठले प्रकार मोजायचे ह्यावर डॉक्टरांचंच एकमत नाही म्हणून संयुक्त राष्ट्रसंघ ०.०५ ते १.७ टक्के असा लांबरुंद आकडा देतो. खालचा आकडा धरला तरी दोन हजारांत एक, म्हणजे तुमच्या तालुक्यातसुद्धा अशी बरीच माणसं असणार, फक्त कुणी बोलत नाही.

आता तुमची पुतणी. मी पुतणी म्हणतेय, ती स्वतःला बाई म्हणून सांगते आणि तसंच जगते, तेवढं मला पुरेसं आहे. ती ट्रान्सजेंडर आहे. तिच्या शरीरात वेगळं काही असेलच असं नाही, रक्त तपासलं तर बहुधा सगळं नेहमीसारखंच येईल. जन्मल्यावर शरीर बघून सगळ्यांनी मुलगा म्हटलं आणि तिला आतून कायम कळत होतं की मी मुलगी आहे, एवढाच तो फरक. मुलीच्या बाबतीत वेगळेपण शरीराच्या घडणीत आहे, पुतणीच्या बाबतीत स्वतःच्या ओळखीत. इंटरसेक्स असलेली एखादी व्यक्ती मोठेपणी ट्रान्सजेंडर म्हणूनही जगू शकते, पण एक असलं की दुसरं असतंच असं नाही. आणि कोणाला कोणाबद्दल प्रेम वाटतं ही अजून तिसरीच गोष्ट, ती ह्या दोन्हीत मिसळू नका.

घरात असंही म्हणतात म्हणे की दशावतारात लुगडं नेसवलं तिथेच बिघडलं. ताई, आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पुरुष दशावतारात स्त्रीपार्ट करतायत. रात्रभर राणी होऊन नाचतात, पहाटे रंग पुसून घरी जातात, पोराबाळांचे बाप आहेत, कुणाचं काही बदललं नाही. नाटकाने कुणी ट्रान्सजेंडर होत नाही, मुंबईने होत नाही आणि संगतीनेही होत नाही. झालं असेल तर इतकंच की त्या पोरीला वर्षातून काही रात्री तरी, लोकांच्या टाळ्या घेत, स्वतःसारखं उभं राहायला मिळालं. मोठ्या दिरांच्या डोक्यात तिला मानसोपचार करून ‘सरळ’ करायचं असेल तर त्यांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच हे मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय आणि असले ‘बदलायचे’ उपचार करणं हे भारतात डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं.

शापाचं आणि कौलाचं. अ‍ॅन्ड्रोजेन म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे हार्मोन, ते ओळखणारा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो. तुमच्या मुलीला एक्स तुमच्याकडून मिळाला, वडिलांकडून मिळाला तो वाय. म्हणजे ही गोष्ट सासरच्या घराण्यातून आलेलीच नाही, येऊच शकत नाही, त्यामुळे मोठ्या दिरांच्या लेकराशी तिचा रक्ताचा धागा जोडून ‘घराण्याला लागलंय’ म्हणणं तिथेच संपतं. पण मला माहितीय आता पुढचं वाक्य काय येईल, मग तुझ्याकडूनच आलं. तर ते आधीच नीट ऐकून ठेवा. जवळपास एक तृतीयांश वेळा हा बदल त्या बाळातच नव्याने झालेला असतो, आईकडेही नसतो. आणि आईकडून आला असेल तरी ज्या गोष्टीचा पत्ताच नव्हता, जी तुम्ही केली नाही, टाळू शकत नव्हता, तिच्यात दोष कसला? सासूबाईंसमोर मान खाली घालायचं काही कारण नाही. मात्र माहेरच्या बहिणींना हे शांतपणे एकदा सांगा, कारण त्यांच्या मुलींमध्येही असू शकतं. माहेरी एखादी मावशी होती का जिला कधी पाळी आली नाही, मूल झालं नाही आणि जन्मभर वांझ म्हणून टोमणे खात राहिली? असेल तर तिचंही कोडं कदाचित आज तुम्हाला सुटेल.

सासूबाईंच्या श्रद्धेशी भांडू नका. त्यांना देवाला गाऱ्हाणं घालायचं तर नातीच्या आरोग्यासाठी, तिच्या भरतीसाठी घालू द्या. पण चार मानकऱ्यांसमोर मुलीच्या शरीराची गोष्ट काढून कौल लावायचा, ऑपरेशन करायचं की नाही ते तिथे विचारायचं, हे अजिबात होऊ देऊ नका. इथे तुम्हाला आणि नवऱ्याला दोघांनाही ठाम राहावं लागेल. तुमच्या पत्रात नवरा काय म्हणतो हे एका ओळीतही नाही. तो गप्प आहे का? आजच रात्री त्याच्याशी बोला, कारण त्याच्या आईला आणि भावांना थांबवायचं काम त्याचं आहे, सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर नको.

ऑपरेशनचं. मे महिन्याच्या सुट्टीत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही. वृषणं आत राहिली तर पुढे कॅन्सरचा धोका असतो हे डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे, पण तुमच्या मुलीच्या प्रकारात हा धोका लहान वयात फार कमी असतो, वय वाढेल तसा वाढतो. पूर्वी दिसली की काढायचे, आता बरेच तज्ज्ञ वयात येणं पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि मग मुलीला सगळं समजावून तिच्या संमतीने ठरवतात. कारण तिचं इस्ट्रोजेन तिथूनच येतंय. काढली की मग वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या किंवा पट्ट्या, त्या नाही घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, आणि ही मुलगी रोज वाळूत पळणारी आहे. काढायचीच नाहीत असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. वृषणं नक्की कुठे आहेत, हा प्रकार पूर्ण आहे की अर्धवट (म्हणजे शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नाही की थोडी देतं), सोनोग्राफी-एमआरआय काय सांगतं, हे बघून ठरतं, आणि ते बघायला हार्मोनचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागतात. मुंबईत परळला केईएममध्ये तो विभाग आहे, सरकारी दरात होईल. जाताना सगळे जुने रिपोर्ट घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आत्ता काढलं नाही तर काय, थांबलो तर किती दिवसांनी तपासायचं, काढलं तर आयुष्यभर काय घ्यावं लागेल. आणि हे तीनही प्रश्न मुलीसमोर विचारा.

इथे एक निकाल सांगते. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने म्हटलं की इंटरसेक्स बाळांची नि मुलांची, जिवाला धोका नसताना, केवळ ‘नॉर्मल दिसावं’ म्हणून ऑपरेशनं करू नयेत, आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने तशी बंदी आणली. आदेश तिकडचा असला तरी त्यामागचं म्हणणं सगळीकडे लागू पडतं, शरीर तिचं आहे, मत तिचं घ्या.

म्हणजे तिला सांगावं का ह्या प्रश्नाचं उत्तर आलंच. सांगा. लवकर सांगा. खरं तर तिला अर्धं कळलंय, ग्रुपवरचा फोटो बघून तिने रात्रभर मोबाईलवर काय काय शोधलं असेल आणि काय काय घाणेरडं वाचलं असेल ह्या विचाराने मलाच कसंतरी होतं. तुम्ही गप्प बसलात ह्याचा अर्थ तिने ‘माझ्याबद्दल बोलता येऊ नये इतकं वाईट काहीतरी आहे’ असा घेतला असणार.

आणि लपवून राहतही नाही. २०१८ मध्ये नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत एका शेतमजुराच्या मुलीने महिला गटातून परीक्षा दिली, पास झाली आणि मेडिकलमध्ये कळलं की गर्भाशय नाही, क्रोमोझोम एक्सवाय. जन्मापासून मुलगी म्हणून जगलेल्या त्या पोरीला एका कागदाने पुरुष ठरवलं आणि नोकरी अडली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की ह्यात तिचा काहीही दोष नाही, आणि सरकारला तिला पोलीस खात्यात शिपाई सोडून दुसऱ्या पदावर घ्यायची तयारी दाखवावी लागली. त्याच्याही आधी, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलेल्या शांती सौंदराजनचं पदक अशाच चाचणीवरून काढून घेतलं, सगळ्या देशाने तिच्या शरीरावर चर्चा केली. तुमची मुलगी पोलीस भरतीच देणार आहे ना? मग भरतीच्या मेडिकलला कुणा अनोळखी माणसाच्या तोंडून तिला हे पहिल्यांदा कळावं असं तुम्हाला वाटतं का? तिला आधी माहीत असेल, हातात तज्ज्ञांचं पत्र असेल, कोर्टाचा निकाल ठाऊक असेल तर ती तिथे ताठ उभी राहील. धावणं बंद करू नका, भरतीचं स्वप्न तर मुळीच नाही.

कसं सांगायचं? ग्रामीण भागातल्या बऱ्याच आया मला विचारतात की असले शब्द आमच्या तोंडून निघत नाहीत. साधं बोला. एकदाच सगळं नको, एकट्या दोघी असताना, घाई नसताना. “तुझ्या पोटात गर्भाशय तयार झालं नाही, म्हणून पाळी येणार नाही आणि पोटात मूल राहणार नाही. तुझे क्रोमोझोम बहुतेक मुलींपेक्षा वेगळे आहेत. अशा अजून खूप मुली आहेत. तू त्या दिवशी विचारलंस तेव्हा मी घाबरले म्हणून गप्प बसले, तुझ्यात काही वाईट आहे म्हणून नाही.” मग थांबा आणि तिला बोलू द्या. तिला स्वतःला काय वाटतं ते विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. ती रडेल, चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मूल होणार नाही ह्याचं दुःख खरं असतं, त्यावर लगेच ‘दत्तक घेता येतं गो’ असं म्हणून झाकण घालू नका. जेवण सुटलं, झोप उडाली, जगायचं नाही असं बोलली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

रिपोर्टच्या फोटोचं आजच काहीतरी करा. ग्रुप अ‍ॅडमिनला तो मेसेज काढता येतो, काढायला लावा, आणि धाकट्या दिराला नवऱ्याने समोर बसवून सांगावं की ही पोरीची खाजगी गोष्ट आहे, पुढे कुणी विचारलं तर ‘तब्येतीचं आहे, उपचार चालू आहेत’ ह्यापलीकडे एक शब्द नाही. कॉलेजात सांगायची गरज नाही. आधार, दाखला, मार्कशीट, कशावरही काही बदलायचं नाही, ती मुलगीच आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायद्याच्या व्याख्येत इंटरसेक्स व्यक्तींनाही धरलंय, त्यावरून कुणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की बघा कायद्यानेच ती तृतीयपंथी झाली. असं नाही. कायद्याने त्यांनाही संरक्षणाच्या छपराखाली घेतलं, म्हणजे शाळेत, दवाखान्यात, नोकरीत भेदभाव झाला तर दाद मागता येते. त्यामुळे ती कोण हे बदलत नाही. आणि ‘ती माणसं येऊन पोरीला घेऊन जातील’ ही सासूबाईंची भीती, कुणीही येणार नाही, कुणालाही तो अधिकार नाही, त्यांना शांत करा.

लग्नाचं आत्ता मनात आणूच नका असं म्हटलं तरी तुम्ही आणणार, म्हणून थोडक्यात. तिला लग्न करता येईल, संसार करता येईल, शारीरिक अडचण असली तर त्यावर उपाय आहेत आणि तेही तिने मोठेपणी डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. मूल दत्तक घेता येतं, एकट्या बाईलाही घेता येतं. फक्त लपवून लग्न लावायचं नाही. पुढे कळलं की फसवणूक म्हणून लग्न रद्द करून घ्यायला कोर्टात जातात आणि त्या चिखलात उभी राहते ती मुलगी. कुणाला कधी सांगायचं हे ती सज्ञान झाल्यावर ती ठरवेल. आणि नाहीच केलं लग्न तर पोलिसात नोकरी असलेली बाई काही अर्धी नसते.

आता मांगराकडे येते. तुम्हाला मुलीला पुतणीपासून लांब ठेवायचंय, म्हणजे लोकांना सांगता येईल की आमची वेगळी, ती वेगळी. दोघी वेगळ्या आहेत हे मी वर अर्धं पत्र खर्चून सांगितलं, डॉक्टरकडे जायला आणि मुलीला समजवायला तो फरक लागतो. पण तो फरक वापरून एकीला माजघरात आणि दुसरीला मांगरात बसवायचं म्हणाल तर नाही. भावकीतल्या ज्या बाईने दोघींना मिळून तो शब्द वापरला तिला तुमच्या क्रोमोझोमच्या रिपोर्टशी काही देणंघेणं नाही. जोपर्यंत त्या घरात कुणा एकाला वेगळं असल्याबद्दल मागच्या दाराने पान पाठवायची पद्धत चालू आहे तोपर्यंत तुमच्या मुलीलाही ते दार दिसत राहणार. तिने बघितलंय ना सगळं. रिपोर्ट यायच्या आधीपासून तिला काहीतरी वाटत असेल, आणि घरातलं वेगळं माणूस मांगरात झोपतं हे तिने डोळ्याने पाहिलं. मला विचाराल तर ती तिथे चहा प्यायला गेली ते तिच्यातलं सगळ्यात चांगलं आहे, आणि तुम्ही ओरडलात तेव्हा तिला काय ऐकू आलं असेल? माझं कळलं की मलाही इथेच पाठवतील.

कायद्याचं म्हणाल तर मोठ्या दिरांनी केलं ते चुकीचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सांगितलं की माणसाची लिंगओळख त्याने स्वतः ठरवायची, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. २०१९ च्या कायद्यात तर कुटुंब जिथे राहतं त्या घरात राहायचा, तिथल्या सगळ्या सोयी भेदभावाशिवाय वापरायचा हक्क लिहिलाय. ट्रान्सजेंडर व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं गुन्हा धरलाय, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी तुम्ही दिरांवर केस करा म्हणून सांगत नाही. पण बैठकीत कुणी ‘आमच्या घरात आम्ही काही करू’ म्हणालं तर हे माहीत असलेलं बरं. पुतणीला कागदपत्रांवर नाव-लिंग बदलायचं असेल तर ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतं, अर्जाआधी ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन सध्याची कागदपत्रं विचारून घ्यायची, किंवा १५१०० वर फोन करायचा. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, तुम्हालाही. आणि भरतीचं म्हणाल तर साताऱ्याच्या आर्या पुजारीसारख्यांनी लढा दिल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयामुळे राज्याला पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय उघडावा लागला, तेव्हा तुमच्या घरातल्या दोन्ही पोरींना पोलीस खातं बंद नाही.

मोठी जाऊबाई मागच्या पडवीत डोळे पुसत होत्या असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्यांच्याकडे जा. दोन आया आहात, एकाच घरात, दोघींनाही लेकराची भीती वाटतेय आणि दोघी एकमेकींशी बोलत नाही. सासूबाईंना आणि मोठ्या दिरांना एकट्याने तोंड देण्यापेक्षा दोघींनी मिळून बोललात तर शिमग्याला तरी त्या पोरीचं अंथरूण घरात पडेल. पुतणीला एक फोन करा. तिचं नवीन नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा, सुरुवातीला जीभ अडखळेल, चालेल. मांगरातल्या वागणुकीबद्दल वाईट वाटलं असं सांगा, कारण तुम्हाला वाटलं आहे, नाहीतर तुम्ही मला ते पानाचं लिहिलंच नसतं. केईएमला जाल तेव्हा मुंबईत तिला भेटा, मुलीला भेटू द्या. फक्त तुमच्या मुलीची गोष्ट तिला सांगायची की नाही हे मुलीला ठरवू दे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोनच गोष्टी. मुलगी पंधरा-सोळाची झाली आणि पाळी आली नाही तर ‘येईल, घाई काय’ म्हणून बसू नका, दाखवा. आणि नवजात बाळाचं लिंग बघून नीट कळत नसेल तर लाजेने घरात दडवू नका, कारण अशातल्या काही बाळांना अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार असतो, शरीरातलं मीठ वाहून जातं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या होऊन बाळ दगावू शकतं. उपचार आहेत, पण लगेच न्यावं लागतं. ऑपरेशनची मात्र अशी घाई नसते, ते बाळ मोठं होऊन स्वतः सांगेपर्यंत थांबता येतं.

ताई, केईएमला जाऊन आलात की मला लिहा. त्याआधी मुलीला एक वही द्या आणि डॉक्टरांना काय काय विचारायचंय ते तिचं तिला लिहू द्या. ती वही तुम्ही वाचायची नाही.